कोंबडी रस्त्यात आहे

परवा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते, तर समोरून पाच-सहा मुली आल्या. छातीशी पॅड, हातात पारदर्शक पाऊच, त्यात एकाच रंगाची चार पेनं, आणि ओठ सारखे हलताहेत. बोलत कोणीच कोणाशी नव्हतं. एका रिक्षावाल्यानं चक्क ब्रेक मारून त्यांना रस्ता ओलांडू दिला. आमच्या नाक्यावर असं फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. बाकीचे दहा महिने तिथं रस्ता ओलांडणं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न असतो.

मी रिक्षा सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. बारावी म्हटलं की मला माझी बारावी आठवत नाही, आईची आठवते.

माझ्या बारावीबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की आमच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे आणि माझं सगळं पाठांतर त्या खटाखटीच्या ठेक्यावर झालं. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये, जिथं पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता, मला एक अख्खं उत्तर आठवेना. शेवटी पायानं हळूच ठेका धरला तेव्हा ते सुटलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ए, मशीन बंद कर ना." भिवंडीत हे असं चालायचंच. उन्हं तापायला लागली की गल्लीतल्या हवेत कापसाचे तंतू जास्त दिसतात, झेरॉक्सच्या दुकानापुढं गर्दी होते, आणि प्रत्येक खिडकीतून लूमच्या तालावर कोणीतरी काहीतरी घोकत असतं.

त्या वर्षी आमच्या खिडकीतून आई घोकत होती.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि कोणी रडत घरी पळालं तर त्याला पकडून आणायचं. सेविकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी जायचं तर बारावी पास पाहिजे. आई दहावीपर्यंत शिकलेली, तीही लग्नाआधी, आतल्या गावात, रोज चालत शाळेत जाऊन. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून बारावीला बसली. पप्पा राहनाळला गोडाऊनमध्ये चेकर. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते जेवत होते. ते म्हणाले, "बस की." आणि मग, घास गिळून, "म्हणजे परीक्षेला बस म्हणतोय. आता आधी भाकरी दे."

अडचण परीक्षेला बसण्याची नव्हती. नुसतं बसण्याची होती.

माझ्या आईला बसता येत नसे. गुडघे उत्तम होते. पण पुस्तक उघडून बूड टेकलं की तिला काहीतरी आठवायचं. कुकर, दोरीवरचे कपडे, पाण्याची वेळ, शेजारच्या शबाना खालांना द्यायची राहिलेली वाटी. काहीच आठवलं नाही तर ती नुसतीच उठून दार उघडून बघायची. मी विचारलं, "कोण आहे?" ती म्हणायची, "कोण न्हाय. पण असतं तर?"

मी तेव्हा घरूनच एका कंपनीचं काम करत होते. मोबाइलच्या ॲपमधली चित्रं काढायची. कंत्राट सहा महिन्यांचं, पुढं वाढेल की नाही ते कामावर. आणि नेमकं मला काम आलं होतं ते फोकस टायमरचं. म्हणजे तुम्ही वेळ लावायची, फोन बाजूला ठेवायचा आणि तेवढा वेळ मुकाट अभ्यास करायचा. टायमर चालायचा ठीक, पण लोक दोन दिवसांत कंटाळून ॲप काढून टाकत. आमचा टीम लीड मंदार व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "त्याला जरा मजा आण. रेट्रो कर. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो ना, तसलं काहीतरी."

तसलं काहीतरी आमच्याकडेही होतं. व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट, ती चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीनं काय व्हायचं देव जाणे, पण चालायची. त्यातली सगळी दुनिया चौकोनी ठोकळ्यांची. माणसाचं नाक एक ठोकळा, टोपी तीन ठोकळे, ढग आणि झुडूप एकच, फक्त रंग वेगळा. आजच्या खेळांत घामाचा थेंबसुद्धा खरा दिसतो, तरी मला त्या तीन ठोकळ्यांच्या टोपीचीच माया जास्त. जे दाखवलेलं नाही ते आपण आपलं घालून घेतो. म्हणून ते चित्र अर्धं आपलं होतं.

तर मी ठोकळे मांडायला बसले, आणि तपासून बघायला घरातच एक विद्यार्थिनी होती.

आधी तिला कंपनीचा साधा टायमर लावून दिला. उलटे पळणारे आकडे बघून ती घाबरली. "हे मला हाकलतंय," म्हणाली. "पेपर ओढून घ्यायला उभ्या असतात ना, त्या बाईसारखं."

मग मी रॉकेट काढलं. वेळ पूर्ण झाली की ते उडायचं. आईनं ते वर जाईपर्यंत मान वर करत बघितलं. "गेलं," ती म्हणाली. "आता परत कधी येणार?" परत येणार नाही म्हटल्यावर तिला उगाचच वाईट वाटलं.

मग दिवा काढला, हळूहळू तेल कमी होणारा. तिनं तो पूर्ण बघितलाही नाही. "विझणारा दिवा काय दाखवतेस गं अभ्यासाच्या वेळी?"

मग मला वाटलं, आता खरी कल्पना सुचली. लूम काढला. ठोकळ्यांचा छोटासा लूम, वेळ जाईल तसं त्यातून कापड उतरतंय, शेवटी सुंदर फुलाफुलांचा तागा. मला स्वतःला तो इतका आवडला की दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. आईनं फोनकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, जिच्यापलीकडे खरे लूम धडधडत होते. "बाहेर कमी हायेत का?" तिनं विचारलं.

कोंबडी मला नाक्यावर सापडली. चिकनच्या दुकानाच्या टोपलीतून सुटलेली असावी. रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभी. एकीकडे ट्रक, दुसरीकडे रिक्षा, आणि ती मान वाकडी करून शांतपणे विचार करतेय. एक पाय उचलायची, पुन्हा ठेवायची. पाठीमागं दुकानदार ओरडत होता, रिक्षावाले हॉर्न मारत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव, की तुम्ही सगळे घाई करताय, पण जायचं मला आहे. मग एका क्षणी गेली. सरळ, मान पुढं काढून, ट्रकच्या नाकासमोरून. पलीकडच्या बोळात दिसेनाशी झाली. मी रिक्षात बसल्या बसल्या तिचे ठोकळे मोजायला लागले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दाखवली. पांढरी कोंबडी, लाल तुरा दोन ठोकळ्यांचा, आणि समोर आपला नाका. रिक्षा, टेम्पो, एक म्हैस. अभ्यास चालू ठेवला तर कोंबडी एक-एक पाऊल पुढं जाते. मध्येच फोन उचलला तर टेम्पो येतो आणि नुसती पिसं उडतात.

आईनं फोन उचलला, कारण तिला उचलून जवळून बघायची होती. पिसं उडाली.

त्या दिवशी घरात अभ्यास झाला नाही, स्वयंपाकही धड झाला नाही. "काय वाकडं केलं होतं तिनं?" आई दर तासाला विचारायची. संध्याकाळी पप्पा घरी आले तर तिनं त्यांना दारातच सांगितलं, "पोरीनं कोंबडी मारली." पप्पांनी पिशवी खाली ठेवून आनंदानं विचारलं, "रस्सा केलास का?"

मग नियम बदलला. मारायची नाही. अभ्यास मोडला तर कोंबडी रस्त्यातच फतकल मारून बसते. तिच्यामागं रिक्षा अडकतात, बारीक टुई-टुई हॉर्न वाजतात, आणि एक ठोकळ्यांचा रिक्षावाला बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो. वेळ पूर्ण झाली की ती पलीकडे पोचते, दाणे टिपते आणि एक अंडं देते. आईनं तिचं नाव ठेवलं गुलाब.

गुलाब फारच आवडली. तिथंच सगळं फसलं.

आई पुस्तक मांडीवर उघडून, फोन समोर डब्याला टेकवून बसायची आणि पूर्ण पंचवीस मिनिटं, आयुष्यात प्रथमच न उठता, अत्यंत एकाग्रतेनं कोंबडी बघायची. शबाना खाला वाटी न्यायला आल्या त्या तिच्या शेजारी बसल्या. "अरे, भैंस आ रही है, भैंस!" "न्हाय, आता थांबंल ती. बघा, थांबली." "माशाल्ला, होशियार है." दुसऱ्या दिवशी खाला स्वतःहून आल्या, सोबत वरच्या मजल्यावरच्या दोघी. अंड्यांची रास वाढत चालली आणि इंग्रजीचं पुस्तक त्याच पानावर. मी मंदारला अहवाल पाठवला, की वापरणाऱ्या व्यक्तीचं लक्ष अजिबात विचलित होत नाही. खोटं एक अक्षर नव्हतं.

आणि एवढ्यात आमचे काका आले, पप्पांचे धाकटे भाऊ, न सांगता. आईनं मान वर न करता त्यांना हातानं बसायची खूण केली. काका बराच वेळ चहाची वाट बघून म्हणाले, "वहिनी, बऱ्या आहात ना?"

"थांबा जरा भाऊजी. कोंबडी रस्त्यात आहे."

काकांनी गॅलरीत जाऊन खाली वाकून बघितलं. परत आले. "दिसत नाही कुठं. दुसऱ्या मजल्यावर कोंबड्या पाळायला सोसायटी परवानगी देते का?"

ते गेल्यावर मी डोक्याला हात लावून बसले. एका विद्यार्थिनीला बसवायला निघाले होते, अख्ख्या जिन्याला बसवून ठेवलं होतं. पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं. आईला म्हटलं, "अगं, तू तिच्याकडे बघू नको ना."

"समोर ठेवलीस तर बघणारच की." मग ती म्हणाली, "आणि सगळ्यांनी असं टक लावून बघितल्यावर ती तरी कशी चालंल? माझं न्हाय होत तसं. अंगणवाडीत मॅडम येऊन उभ्या राहिल्या की माझ्या हातून खिचडीत मीठ दोनदा पडतं."

तिनं हे सहज म्हटलं आणि कांदा चिरायला गेली. मी मात्र लॅपटॉप उघडला. फोन पालथा ठेवला की त्याला ते कळतं, एवढी सोय त्यात असतेच. आता गुलाब फक्त फोन पालथा असतानाच चालायची. सरळ करून बघितलं, की जागीच थांबून मान वाकडी करून तुमच्याकडेच बघायची, काय काम आहे अशा चेहऱ्यानं. पालथा ठेवला की तिच्या नखांचा आवाज तेवढा यायचा. टुक, टुक, टुक. लूमच्या आवाजात कान दिला तरच ऐकू येईल असा.

आणि आई बसली. तिथं बघायला काही नव्हतंच, पुस्तकाशिवाय. खालांना दारातूनच कळायचं. "चल रही है?" "चालतेय." आणि त्या पाय न वाजवता परत जायच्या. पप्पांनी चहा करायला शिकून घेतला. पहिले काही दिवस तो चहा आम्ही कुंडीत ओतला, मग प्यायला लागलो. कुकरची शिट्टी झाली तर आईचा गुडघा हलायचा, पण टुक-टुक चालू असायचं, आणि गुडघा पुन्हा खाली जायचा. बाईमाणसाला घरात कोणी 'बस' म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ती बसत नाही. तिला उठू नको म्हणणारं कोणीतरी लागतं. आमच्याकडे ते काम एक ठोकळ्यांची कोंबडी करत होती, याचं हसू यायचं आणि जरा लाजही वाटायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिनं पुस्तक मिटलं.

मी तिचा इंग्रजीचा सराव पेपर तपासला होता आणि तो वाईट गेला होता. तिनं फोन सरळ करून फडताळावर ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतला. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. मदतनीस हाय तीच बरी हाय. पोरं खिचडीला नावं ठेवत न्हायत." मी समजावलं, मग चिडले. दिवसभर ती फडताळाकडे फिरकली नाही. वर गुलाब रस्त्याच्या मधोमध उभी, मान वाकडी, मागं रिक्षांची रांग.

दुसऱ्या दिवशी पप्पांचा ऑफ होता. सकाळी त्यांनी चष्मा लावला, फडताळावरून फोन काढला, बघितला, "बिचारी कालपासून उभी आहे," असं म्हणाले आणि तो पालथा ठेवला. मग आईचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसले. पप्पांची शाळा आठवीतच सुटलेली. त्यांचं इंग्रजी खोक्यांवरचं. धिस साइड अप, हँडल विथ केअर. ते मोठ्यानं वाचायला लागले, डिस्पॅचची यादी वाचावी तसे.

"अपील. प्लीज... डोनेट... ब्लूड."

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"डोनेट ब्लूड अँड सेव्ह... लाइव्ह... लिव्हेस."

"ब्लड," आतून आवाज आला.

"काय?"

"ब्लड. दोन ओ असले तरी ब्लड."

"आणि फूड? फूडला तर फूड म्हणतात. आमच्या खोक्यांवर असतं."

"फूडला फूड, ब्लडला ब्लड."

"हे बरोबर नाही," पप्पा ठामपणे म्हणाले. "एक काय ते ठरवायला पाहिजे." आणि पुढं वाचू लागले. "देअर इज नो... सब... सबस्टिटूट..."

"सबस्टिट्यूट!" आता लाटणं हातात घेऊन आईच दारात. "सबस्टिट्यूट म्हणजे बदली. रक्ताला बदली काही नाही. आणि लिव्हेस न्हाय, लाइव्ह्ज. एकाचं लाइफ, पुष्कळांचे लाइव्ह्ज. एफचा व्ही होतो."

"का होतो?"

"होतो! नाइफ, नाइव्ह्ज. वाइफ, वाइव्ह्ज."

"वाइव्ह्जची आपल्याला गरज नाही," पप्पा म्हणाले. "एकच पुरे आहे, तीपण ओरडते."

आई हसू दाबत होती. मी कोपऱ्यात लॅपटॉपमागं तोंड लपवून बसले होते. पप्पांनी पुढचा शब्द काढला आणि त्याची अशी काही वाट लावली की तो मला आजही ओळखता आलेला नाही. आईनं लाटणं पोळपाटावर ठेवलं, पदराला हात पुसले. "सरका," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंत तर तो पेपर तपासणारा माणूस आजारी पडंल." पप्पा सरकले. तिनं पुस्तक मांडीवर ओढलं आणि तो अख्खा उतारा एका दमात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती स्वतःच जरा दचकली. पप्पा गुपचूप उठले आणि अर्धवट लाटलेली पोळी पुरी करायला गेले. ती कुठल्याच देशाच्या नकाशासारखी झाली नाही, पण खाल्ली सगळ्यांनी.

कंपनीचं म्हणाल तर, फोन पालथा ठेवण्याची कल्पना त्यांना खूप आवडली आणि माझं कंत्राट वाढलं. कोंबडी मात्र मंदारला फार स्थानिक वाटली. "मांजर कर," तो म्हणाला, "आणि रस्ता जरा परदेशी वाटू दे. म्हैस काढ." आता जगभर लोकांच्या पालथ्या फोनखाली एक मांजर स्वच्छ रस्ते ओलांडत असते. लोक ॲप काढून टाकत नाहीत म्हणे. मी ते मांजर नीट काढलं, मन लावून काढलं. पण त्याला कुठं जायचंय, हे मला अजून कळलेलं नाही.

आईचा निकाल लागला तेव्हा इंग्रजी काठावर होतं. काठावर, पण पलीकडच्या. बाकी विषय चांगले. सेविकाबाईंच्या खुर्चीत आता ती बसते. तिथंही फारशी बसत नाही, पण ते पोरांमुळं.

मला मात्र निकालापेक्षा शेवटच्या पेपरचा दिवस जास्त आठवतो. समाजशास्त्राचा होता. पप्पांनी ड्युटी बदलून घेतली होती. पेपर सुटायची वेळ झाली, टळली, आणि आई येईना. फोन ती घरीच ठेवून गेलेली. पप्पा गॅलरीत चार वेळा जाऊन आले. मग माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजला.

"मी बोलते," आई म्हणाली. मागं मुलींचा गलका चालला होता. "हा सायलीचा फोन हाय. माझ्या मागच्या बाकावरची. पेपर चांगला गेला. मी या पोरींबरोबर वज्रेश्वरीला चालले."

मी फोन स्पीकरवर टाकला. पप्पांनी विचारलं, "वज्रेश्वरीला कशाला?"

"कशाला म्हणजे? पेपर संपले."

"संपले तर घरी ये ना."

"सगळ्या चालल्यात. मावशी चला म्हणतात. बस आली बघा," आणि फोन बंद. पप्पा बंद फोनला म्हणाले, "आणि जेवायचं काय?"

जेवायची त्यांनी खिचडी केली. खाली लागली होती, पण वरची बरी होती. दुपार फार लांब गेली. घरात आई नाही, अंगणवाडी नाही, बाजार नाही, कोणाचं लग्न नाही, कोणाचं दुखणं नाही, आणि तरी आई बाहेर आहे, हे आम्हा दोघांना कसं घ्यावं तेच कळत नव्हतं. पप्पांनी दोनदा विचारलं, "मैत्रिणी म्हणजे, शाळेतल्या?" आणि दोनदा मी म्हटलं, "हो, शाळेतल्याच."

ती आली तेव्हा उन्हं कलली होती. साडी गुडघ्यापर्यंत भिजून वाळलेली, काठाला माती, अंगाला कुंडातल्या पाण्याचा गंधकी वास. पॅड काखेत. चेहरा उन्हानं रापलेला.

"मार्च महिन्यात," पप्पा म्हणाले, "गरम पाण्यात पाय घालायला गेलीस?"

"लई चटका बसला!" ती खाटेवर बसली आणि पाय लांब सोडले. "पोरी वरडल्या. मीपण वरडले. मग सगळ्यांनी बर्फाचा गोळा खाल्ला. माझा काला खट्टा. बघा, जीभ." तिनं खरंच जीभ काढून दाखवली. ती जांभळी होती. मग ती भिंतीला टेकून सांगत राहिली. सायलीला नर्स व्हायचंय, एकीचं ठरलंय पण तिला लग्न नकोय, आणि एकीनं पाण्यात चप्पल घालवली तर सगळ्यांनी मिळून काठीनं काढली. बोलता बोलता हसायची, मग आठवून पुन्हा हसायची.

पप्पा आणि मी खाली बसून ऐकत होतो. बराच वेळ झाल्यावर पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही जेवलो की नाही, हे ती विचारायचंच विसरली होती.